बोर्निओची आठवडाभराची सहल: मुलूच्या गुहा आधी, कुचिंगचा सण नंतर

मुलू आणि कुचिंग ही दोन्ही ठिकाणं बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सरावाक राज्यात. मुलूला वर्षावनाच्या पोटातल्या चुनखडीच्या गुहा, कुचिंगला नदीकाठचं शहर आणि वर्षभर कुठला ना कुठला सण. ठाणे किंवा नवी मुंबईतून निघून सहा-सात रात्रींत दोन्ही व्यवस्थित होतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

मुलूला रस्त्याने जाता येत नाही. तिथे छोटी एटीआर विमानं उतरतात, आणि ढग खाली आले की ती उशिरा येतात, परत फिरतात किंवा रद्द होतात. सण मात्र ठरलेल्या तारखेलाच येणार. म्हणून मुलू आधी, मधे एक मोकळा दिवस आणि मग सण. बरेच जण उलटं आखतात, कारण क्वालालंपूरहून कुचिंगला जाणारी विमानं जास्त आणि सोयीची असतात. मग परतीच्या दिवशी मुलूत पाऊस लागला, की पुढची सगळी तिकिटं एकापाठोपाठ एक बुडतात.

सण कोणता धरायचा

शाळेत जाणारी मुलं बरोबर असतील तर गवाई हा पहिला पर्याय. दायक या तिथल्या आदिवासी लोकांचा हा सुगीचा सण, १ आणि २ जूनला. १९६५ पासून तो सरावाकमध्ये अधिकृतपणे साजरा होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळी सुट्टी चालू असते आणि तिथला मोठा पाऊस संपलेला असतो. पण इथे एक गोम आहे. गवाईच्या खुद्द दिवशी कुचिंग रिकामं होतं, कारण माणसं आपापल्या गावी, लाँगहाउसमध्ये (अनेक कुटुंबांच्या एकत्र लांब घरात) जातात. ओळखीचं घर नसेल तर १ जूनला शहरात बंद शटरं बघत फिरावं लागेल. शहरातली धमाल त्याआधीच्या दिवसांत असते: मे महिन्यात निघणारी पारंपरिक वेशातली मिरवणूक, खाण्याचे स्टॉल, ङाजात नृत्य. तेव्हा मिरवणुकीची तारीख जाहीर झाली की तिच्याभोवती सहल आखा आणि ३० मेच्या आत कुचिंग सोडा. ३० आणि ३१ मेची देशांतर्गत विमानं घरी जाणाऱ्यांनी भरलेली असतात, भाडंही चढतं.

चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. कंदील, सिंहनृत्य, फटाके, देवळांतली गर्दी हे सगळं बघण्यासारखं, पण तो ईशान्य मोसमी पावसाचा काळ. शिवाय पहिले दोन दिवस चिनी दुकानं आणि खानावळी बंद. जायचंच असेल तर तिसऱ्या दिवसापासून पुढचे दिवस धरा.

शरदातल्या पौर्णिमेला मूनकेकचा सण असतो. त्या सुमारास कुचिंगच्या जुन्या चिनी गल्ल्यांत रात्रबाजार भरतो, आणि फिरायला तो सगळ्यांत सोपा. अडचण आपल्या बाजूची आहे. हा सण बहुतेकदा भाद्रपदाच्या पौर्णिमेच्या आसपास पडतो, म्हणजे अनंत चतुर्दशीला खेटून. २०२६ मध्ये तर दोन्ही २५ सप्टेंबरलाच. घरी दहा दिवसांचा गणपती असेल तर हा सण सोडून द्या. अधिकमासाच्या हिशोबामुळे काही वर्षी तो कोजागरीजवळ सरकतो, २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला होता. अशा वर्षी मात्र तो जमवून घ्यावा.

गर्दी आणि गाणं आवडत असेल तर रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल. अलीकडे तो जूनमध्ये, सांतुबाँग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सरावाक कल्चरल व्हिलेजमध्ये होतो. कुचिंगहून ही जागा ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. परतीच्या शटल बसचं तिकीट आधी काढा, कारण रात्री तिथून टॅक्सी मिळवणं कठीण.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

पहिल्यांदा मुलू नॅशनल पार्कमधली खोली आणि गुहांच्या फेऱ्या, मग मिरी या सरावाकच्या उत्तरेकडच्या शहरातून मुलूचं विमान आणि शेवटी मुंबई–क्वालालंपूर. हे उलटं वाटेल, पण मुंबईहून क्वालालंपूरला जागा मिळतेच. मुलूत खोल्या मोजक्या आणि विमानाच्या सीटही मोजक्या. सणाच्या महिन्यात जायचं तर तीन ते चार महिने आधी हात घाला. पार्कच्या आवारातली खोली महाग वाटली तर फाटकाबाहेर नदीकाठी होमस्टे आहेत. चालत पाच-दहा मिनिटांवरचा बघा, म्हणजे संध्याकाळी अंधारात परतताना त्रास नाही.

जुन्या लेखांत या विमानांचं नाव मासविंग्ज असं सापडेल. ती कंपनी सरावाक सरकारने घेतली आणि आता एअरबोर्निओ हे नाव आलं आहे, तेव्हा तिकीट शोधताना नव्या नावाने शोधा. मुलूला मिरीहून साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. कुचिंगहूनही थेट विमान असतं, पण ते तुमच्या वारी आहे का ते आधी बघून मगच बाकीचे दिवस ठरवा. सामानाची मर्यादा तिकिटावर वाचा. मुंबईहून आणलेली तीस किलोची बॅग छोट्या विमानात तशीच चढेल हे गृहीत धरू नका.

मुंबई–क्वालालंपूर हा साधारण पाच तासांचा प्रवास, आणि मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री उशिरा निघणारं विमान घेतलं तर सकाळी पोचता आणि दुपारचं मिरीचं विमान गाठता येतं. दोन तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर मधे किमान चार तास ठेवा. क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळी आहेत, एअरएशिया दोनवरून उडते. टर्मिनल बदलायचं म्हणजे इमिग्रेशन, सामान, ट्रेन आणि पुन्हा चेक-इन. स्वस्तात मिळालेली जोडणी इथेच चुकते, आणि वेगळ्या तिकिटांवर चुकलेल्या विमानाचे पैसे कोणी देत नाही.

ठाण्याहून रात्री साडेअकराच्या विमानासाठी सातच्या आत निघा. घोडबंदर रोडवर राहात असाल तर साडेसहा. ऑफिस सुटायची वेळ आणि जेव्हीएलआर एकत्र आले की गुगलने दाखवलेल्या वेळेवर भरवसा नको. वाशी-नेरूळहून सायन-पनवेल मार्ग धरून छेडानगर, पुढे सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. आणखी एक गोष्ट: नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाल्यामुळे 'मुंबई' असं शोधल्यावर दोन्हीकडची विमानं समोर येतात. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), ते पैसे भरण्याआधी बघा. चेन्नई किंवा बेंगळुरूमार्गे जाणाऱ्या नवी मुंबईकरांना एनएमआय सोयीचं पडेल, पण जाताना एक आणि येताना दुसरं असं झालं तर पार्किंगला ठेवलेली गाडी चुकीच्या गावात राहते.

कागदपत्रं

भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. त्यानंतरची सहल असेल तर तिकीट काढण्याआधी पुढची मुदत तपासा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं. सर्च केल्यावर वर येणाऱ्या काही साइट्स त्याचे पैसे मागतात, त्या सरकारी नव्हेत.

सरावाकचं इमिग्रेशन स्वतंत्र आहे. क्वालालंपूरहून मिरीला जाणं देशांतर्गत असलं तरी तिथे पासपोर्ट पुन्हा तपासला जातो, बाहेर पडतानाही. म्हणून पासपोर्ट चेक-इन बॅगेत ठेवू नका आणि कुचिंगच्या विमानतळावर त्यासाठी वेगळा वेळ धरा. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून ठेवा.

दिवसांची मांडणी

पहिली रात्र विमानात. दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी मिरी, मुक्काम तिथेच. एटीएममधून रिंगिट काढा, कारण मुलूत बँक नाही. एक रिंगिट म्हणजे वीस रुपयांहून थोडा जास्त. खोली आणि फेऱ्यांचे पैसे आधी भरले असतील तर माणशी ३०० ते ४०० रिंगिट रोख पुरे, त्यातल्या निम्म्या नोटा १, ५ आणि १० च्या घ्या. मिरीच्या बाजारात काळे रबरी बूट मिळतात, तळाला खुंट्या असलेले. स्थानिक लोक त्यांना गमतीने 'आदिदास कांपुंग' म्हणतात. ओल्या लाकडावर महागड्या स्पोर्ट्स शूजपेक्षा ते बरे पकडतात. मोजे मात्र जाड घाला, नाहीतर टाच सोलते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलू. खिडकी मिळाली तर खाली तपकिरी नद्यांची वळणं दिसतील. पार्क ऑफिसात नाव नोंदवून पास घ्या आणि त्याच दुपारी डीअर आणि लांग गुहांची फेरी करा. चौथ्या दिवशी सकाळी विंड आणि क्लिअरवॉटर गुहा, संध्याकाळ मोकळी. पाचव्या दिवशी कुचिंग. सहावा दिवस राखीव: विमान चुकलं तर तो खर्ची पडेल, नाही तर शहरात फिरायला मिळेल. त्या संध्याकाळी किंवा सातव्या दिवशी सण, आणि मग परत.

पिनॅकल्स या चुनखडीच्या सुळक्यांचे फोटो बघून मोह होईल. तो तीन दिवस दोन रात्रींचा ट्रेक आहे. शेवटच्या २.४ किलोमीटरमध्ये साधारण १२०० मीटर चढ, वरच्या भागात शिड्या आणि दोर. या सहलीत तो बसवू नका.

मुलूत नेमकं काय होतं

गुनुंग मुलू नॅशनल पार्क २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. गुहांमध्ये गाइडशिवाय जाता येत नाही. पर्यटकांसाठी चार गुहा सोप्या, पायवाट आणि दिवे असलेल्या आहेत. सरावाक चेंबर, म्हणजे क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं ज्ञात भूमिगत दालन, हेही याच भागात आहे, पण तिथे पोचायला पोहणं, चढणं आणि दिवसभराचं केव्हिंग लागतं. पहिल्या भेटीत ते नाही.

डीअर आणि लांगची फेरी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास निघते. जंगलातून लाकडी फळ्यांच्या वाटेने तीन किलोमीटरहून थोडं जास्त चालायचं, साधारण एक तास. वाट सपाट आहे, पण हवा इतकी दमट की पंधरा मिनिटांत शर्ट पिळून निघतो. माणशी दीड लिटर पाणी घ्या. आधी लांग गुहा: लहान, लोंबत्या आणि उभ्या चुनखडीच्या आकारांनी भरलेली. मग डीअर, जी काही ठिकाणी १०० मीटरहून उंच आहे. घोडबंदर रोडवरचा तीस मजली टॉवर आत उभा केला तर छताला टेकणार नाही.

आत शिरताच अमोनियाचा उग्र वास येतो. खाली काळ्या टेकड्या दिसतात, ती वटवाघळांची विष्ठा. टॉर्च जवळ नेला तर ती हलताना दिसते: झुरळं, किडे, बीटल. कठड्यांवरही तीच घाण असते, आणि इथेच लोक चुकतात. पायरी निसरडी लागली की हात आपसूक कठड्यावर जातो आणि तोच हात घाम पुसायला चेहऱ्यावर. उजव्या खिशात सॅनिटायझर, डोक्यावर टोपी, तोंड मिटलेलं, आणि वर बघायचं ते गाइडने थांबवल्यावर. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि पंप जवळ ठेवा. आतून दक्षिणेकडच्या तोंडाकडे मागे वळून पाहिलं की खडकाच्या कडेत अब्राहम लिंकनचा चेहरा दिसतो. गाइड जिथे उभं करेल तिथूनच तो नीट जमतो.

बाहेर आल्यावर बाकांची मोकळी जागा आहे, तिथे वटवाघळांची वाट बघायची. साधारण पाच ते साडेसहाच्या दरम्यान लाखो वटवाघळं झुबक्यांनी निघतात. आकाशात काळी दोरी पिळत जावी तशी रांग वळत जाते. ससाण्याला नेमकं एक वटवाघूळ टिपता येऊ नये म्हणून ती अशी घोळक्याने, वळत उडतात. पाऊस असेल तर ती निघत नाहीत, आणि मुलूत दुपारी उशिरा पाऊस ही रोजची गोष्ट. म्हणूनच मुलूत दोन रात्री हव्यात. पहिल्या संध्याकाळी हुकलं तर दुसऱ्या दिवशी त्या बाकांपर्यंत गाइडशिवायही चालत जाता येतं. साडेतीनला निघा. आणि निघताना हेडटॉर्च घ्याच, कारण परतीची वाट पूर्ण अंधारात असते आणि मोबाइलचा दिवा धरून ओल्या फळ्यांवर चाललं की एक हात अडकतो.

विंड आणि क्लिअरवॉटरसाठी सकाळी नऊच्या सुमारास लांबोड्या होडीने मेलिनाऊ नदीतून जायचं. वाटेत बातू बुंगान या पेनान वस्तीत थांबा असतो. पेनान पूर्वी जंगलात फिरते राहणारे शिकारी, आता इथे टोपल्या, बांगड्या विकतात. लहान नोटा इथे लागतात. पाऊस बरेच दिवस नसेल तर नदी उथळ होते आणि होडी रेतीला लागते. मग मोठ्यांनी उतरून ढकलायची. म्हणून फुल पँट नको, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पाण्यात चालणारे बूट घाला, मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत. उलट आदल्या रात्री धो धो पडला असेल तर पाणी चढतं आणि फेरी रद्द होते. अशा वेळी हुज्जत घालू नका, पार्क ऑफिसात जाऊन दुपारच्या कुठल्या फेरीत जागा आहे ते विचारा.

क्लिअरवॉटरला चढायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. आजी-आजोबांच्या गुडघ्यांसाठी हाच प्रश्न असतो, अंतराचा नाही. न जमल्यास त्यांनी खाली, गुहेतून येणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या डोहाकाठी थांबावं. फेरी संपल्यावर बाकीचे तिथेच पोहायला येतात. सरावासाठी निघण्याआधी महिनाभर, आठवड्यातून तीनदा जिन्याने दहा मजले चढा. बूट येऊरच्या वाटेवर किंवा सोसायटीच्या ओल्या फरशीवर तासभर घालून बघा. नवे कोरे बूट घालून थेट मुलूला पोचणाऱ्यांच्या पायाला पहिल्याच दिवशी फोड येतात.

बॅग आणि डबा

सुती कपडे वाळत नाहीत. ड्रायफिटचे तीन टी-शर्ट पुरतात, रोज रात्री एक धुवायचा. छत्रीपेक्षा पोंचो बरा. डास प्रतिबंधक मलम, जळवांसाठी लांब मोजे, ओआरएसची पाकिटं, ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचं अडॅप्टर. बोर्निओच्या जंगलात माकडांकडून माणसाकडे येणारा मलेरियाचा एक प्रकार आहे, तेव्हा जाण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर प्रवासाची गोष्ट सांगा.

शाकाहारींनी डबा न्यावाच. खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, दशम्या असं कोरडं आणि बांधलेलं. फळं, कच्च्या भाज्या, मांस, दूध नको. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर फराळातले अनारसे घरीच ठेवा: खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. हीच काळजी खसखस घातलेल्या मसाल्याची.

कुचिंगमध्ये

राहायचं नदीकाठच्या रस्त्याजवळ, म्हणजे सणाच्या रात्री गाडी शोधावी लागत नाही. एरवी ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सी सहज मिळते, पण मिरवणुकीत रस्ते बंद होतात आणि ॲप गाडी दाखवत राहतं. मेन बाजार, कार्पेंटर स्ट्रीट, इंडिया स्ट्रीट हे सगळं चालण्याच्या अंतरात. नदी ओलांडायला छोट्या होड्या आहेत किंवा दारुल हाना पूल. दुपारच्या उन्हात किंवा पावसात बोर्निओ कल्चर्स म्युझियम गाठा. ते २०२२ मध्ये उघडलं आणि पाच मजली आहे. मुलूत ज्यांच्या वस्तीत थांबलात त्या लोकांची गोष्ट इथे सलग कळते. सकाळ मोकळी असेल तर सेमेंगो हे ओरांगउटानांचं केंद्र: ओरांगउटानांना फळं देण्याची वेळ सकाळी नऊला आणि दुपारी तीनला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जंगलात फळं असतात तेव्हा ती येतीलच असं नाही.

सरावाक लाक्सा प्रसिद्ध, पण तिच्या रश्शात कोळंबीचं वाटण असतं. कोलो मी नावाच्या नूडल्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी. मिदीन ही नेचाची कुरकुरीत भाजी दिसायला शाकाहारी, पण बलाचान म्हणजे वाळल्या कोळंबीची पेस्ट घालूनच परततात. सांगायचं: 'ताक माऊ दागिंग, ताक माऊ उदांग, ताक माऊ बलाचान', म्हणजे मांस नको, कोळंबी नको, बलाचान नको. मिदीन लसूण घालून मागा. रोटी चनाई आणि डाळ कुठेही मिळते, पण डाळीत मटणाचा रस्सा ओतलेला नाही ना, हे विचारून घ्या. गवाईत कोणी तुआक पुढे केली तर ती तांदळाची दारू. घ्यायची नसेल तर हसून छातीला हात लावा, आग्रह होत नाही.

मुलूचं विमान पहिल्याच दिवशी रद्द झालं तर मिरीहून गाडीने निआह गाठा. तिथल्या मोठ्या गुहेत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानवी कवटी सापडली होती, आणि २०२४ मध्ये हे ठिकाणही जागतिक वारसा यादीत आलं. सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळी मिरीत परत. दुसऱ्या दिवशीही विमान नसेल तर मुलूचा हट्ट सोडून सरळ कुचिंगला जा: शहराजवळ बाऊ गावाकडे फेअरी केव्ह आणि विंड केव्ह आहेत, अर्ध्या दिवसात होतात. या विंड केव्हमध्ये (मुलूतली विंड वेगळी) दिवे नसतात, मुलूसाठी आणलेला हेडटॉर्च तिथे कामी येतो. एअरलाइनकडून रद्द झाल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल घ्या, विम्याच्या दाव्याला तेच लागतं.

परतताना कुचिंग–क्वालालंपूर विमान मुंबईच्या विमानाच्या किमान पाच तास आधीचं असावं. केक लापिस हा रंगीत थरांचा केक घ्यायचा तर शेवटच्या दिवशी, हवाबंद पाकिटातला. त्यात अंडं आणि भरपूर लोणी असतं, आणि एक पाकीट दिसतं त्यापेक्षा जड भरतं, तेव्हा बॅगेत तेवढी जागा आणि वजन आधीपासून मोकळं ठेवा.